लांबच्या एल्क शिकारीसाठी काडतूस कसं निवडावं

एल्क या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाच्या शिकारीला पहिल्यांदा निघालेला माणूस बंदुकीच्या दुकानात शिरतो आणि विचारतो: ६.५ क्रीडमोर पुरेल का, की ७ एमएम पीआरसी घेऊ, की थेट .३०० विन मॅग? हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. तुमचा नेम किती लांबवर खात्रीने लागतो, तेवढ्या अंतरावर गोळीचा किती वेग उरतो, आणि त्या वेगाला ती गोळी नीट उमलते का, म्हणजे जनावरात शिरल्यावर तिचं टोक पसरून ती रुंद होते का. ही उत्तरं हाती असली की काडतुसांची भली मोठी यादी दोन-तीन नावांवर येते, आणि त्यातलं कुठलंही घेतलं तरी चालतं.

हा लेख कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना, आयडाहो या भागांत पहिल्यांदा एल्कचा परवाना काढणाऱ्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंद झाली. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात ही विद्या वडीलधाऱ्यांकडून आलेली नसते. एनसीसीत .२२ चालवली असेल, तेवढीच काय ती ओळख. म्हणून पहिल्या पायरीपासून सांगतो.

पायरी १: आधी कागदपत्रं

एच-वन-बी, एफ-वन अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर हे नीट वाचा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा व्यक्तीने बंदूकच काय, एक काडतूसही ताब्यात ठेवणं गुन्हा आहे. कायद्यात मोजके अपवाद आहेत, आणि त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. तेव्हा क्रम असा ठेवा: हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग दुकान. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, हे विसरू नका. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना ही अडचण नाही. मनात शंका असेल तर मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. व्हिसा पणाला लावण्याइतकी कुठलीही शिकार मोठी नाही.

काडतुसांबद्दल प्रत्येक राज्याचे वेगळे नियम असतात. कोलोरॅडोत एल्कसाठी रायफलच्या नळीचा व्यास किमान .२४ इंच, गोळीचं वजन किमान ८५ ग्रेन, गोळी उमलणारी, आणि १०० यार्डांवर तिची ऊर्जा किमान १००० फूट-पाउंड (गोळीच्या ऊर्जेचं माप) लागते. पण हा उंबरठा फक्त कायद्याचा आहे. तेवढ्यावर भागवून एल्कवर बार टाकणं मला पटत नाही.

दोन मापं इथेच समजून घ्या, पुढे सतत लागतील. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. आपला जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन, त्यामुळे १८० ग्रेनची गोळी एक तोळ्याची. यार्ड मीटरपेक्षा थोडा लहान असतो. ५०० यार्ड म्हणजे साधारण ४५७ मीटर.

पायरी २: जनावर समजून घ्या

रॉकी पर्वतातला पूर्ण वाढीचा नर एल्क ३०० ते ३५० किलोंचा भरतो आणि मादी सव्वादोनशेच्या आसपास. काश्मीरचा हांगूल याच कुळातला, पण एल्कपुढे तो बराच लहान दिसेल. हाडं जाड, खांदा भक्कम आणि जीव अतिशय चिवट. जनावर बाजूने उभं असेल तर हृदय आणि फुप्फुसं मिळून पुढच्या पायाच्या जरा मागे साधारण एक ते सव्वा फूट व्यासाची जागा होते. गोळी तिथेच लागली पाहिजे.

दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार गेली तरी एल्क कधी कधी शंभर यार्ड चालून मग कोसळतो. पोटात लागली तर तो मैलभर किंवा त्याहून लांब, दाट झाडीत निघून जातो, आणि पुष्कळदा सापडतच नाही. तो तासन्‌तास तडफडत मरतो. काडतुसाबद्दल इतका विचार का करायचा, याचं माझ्यापुरतं कारण हेच आहे. बाकी सगळा हिशेब यानंतरचा.

पायरी ३: तुमचं अंतर ठरवा

लांबची शिकार म्हणजे किती लांबची? याला सगळ्यांसाठी एक आकडा नाही. दहा इंचांची कागदी थाळी घ्या. एल्कच्या छातीतली जागा तिच्याहून मोठी असते, पण डोंगरावर धाप, थंडी आणि घाई यांना तेवढी सूट सोडावीच लागते. रेंजवरच्या टेबलावरून मारू नका. पाठपिशवीवर रायफल टेकवून पालथं पडून मारा, बसून काठ्यांच्या आधाराने मारा, शंभर पावलं धावून आल्यावर मारा. पाचपैकी पाच गोळ्या थाळीत बसल्या तर पुढच्या अंतरावर जा. जिथे एक जरी बाहेर गेली, त्याच्या अलीकडचं अंतर तुमचं. बहुतेक नवख्यांचं ते २०० ते ३०० यार्डांत निघतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. अनुभवी गाईडसुद्धा नव्या माणसाला तीनशेच्या आत न्यायचाच प्रयत्न करतात.

त्यातही पहिल्या बाराकडे नीट लक्ष द्या. रेंजवर तिसरी-चौथी गोळी सुरेख बसते. डोंगरात मात्र नळी थंड असते आणि संधी बहुधा एकच मिळते. म्हणून रेंजवर गेलात की थंड नळीतून मारलेली पहिली गोळी कुठे लागली, ते वहीत टिपून ठेवा. हंगाम येईपर्यंत ती वही तुमचं अंतर तुम्हाला सांगेल.

आता वाऱ्याचं. गोळी खाली किती पडेल हे गोळीच्या मार्गाचा हिशेब करणारं फोनवरचं ॲप अचूक सांगतं, कारण गुरुत्वाकर्षण बदलत नाही. वारा मात्र तुम्हालाच वाचावा लागतो. ६.५ क्रीडमोरची १४३ ग्रेनची गोळी ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ३०० यार्डांवर सुमारे सहा इंच सरकते आणि ५०० यार्डांवर सुमारे सतरा इंच. अंतर दुप्पटही झालं नाही, तरी सरकणं तिप्पट होत आलं. तुम्ही वारा दहाचा धरलात आणि निघाला पंधराचा, तर ५०० वर आठ-नऊ इंचांची चूक झाली. म्हणजे फुप्फुसावर धरलेला नेम पोटात गेला. डोंगरात वारा तुमच्यापाशी एक, दरीत दुसरा आणि जनावरापाशी तिसरा असतो. शिवाय ५०० यार्ड जायला या गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात चरणारा एल्क सहज एक पाऊल टाकतो, आणि त्यावर कुठल्याच काडतुसात उपाय नाही.

थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली उभ्या केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबची यावर स्पष्ट भूमिका आहे: निव्वळ आपली बंदूक आणि नेम अजमावण्यासाठी जनावरावर लांबून मारणं ही शिकार नव्हे. मला ती शंभर टक्के मान्य आहे. लांब अंतराची तयारी करावी ती जवळ जाण्याचे सगळे मार्ग संपले तर उपयोगी पडावी म्हणून.

पायरी ४: गोळी निवडा

काडतूस म्हणजे पुंगळी, प्राइमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी), दारू आणि गोळी. जनावरापर्यंत यातली गोळीच पोचते, तरी नवखा माणूस सगळा वेळ पुंगळीच्या नावावर घालवतो.

शिकारीची गोळी आत शिरताच उमलली पाहिजे आणि उमलूनही खोल गेली पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. मऊ गोळी लवकर उमलते पण जवळून हाडावर लागली तर फुटून जाते. कडक गोळी हाड फोडून जाते पण लांबवर वेग मंदावला की न उमलता बारीक भोक पाडून निघून जाते. ही अडचण जुनी आहे. १९४६ साली जॉन नोस्लर यांच्या गोळ्या कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात एका मूसवर, म्हणजे एल्कहूनही मोठ्या हरणावर, अपुऱ्या पडल्या. त्यातून त्यांनी मधे आडवी भिंत असलेली पार्टिशन गोळी तयार केली आणि १९४८ पासून ती विकायला आणली. पुढचा अर्धा भाग उमलतो, मागचा अर्धा शाबूत राहून आत घुसतो. ती आजही मिळते.

सध्या नवख्याने तीन प्रकार ओळखावेत. पहिला बॉन्डेड, म्हणजे शिसं बाहेरच्या तांब्याच्या कवचाला घट्ट जोडलेलं. नोस्लरची ॲक्युबॉन्ड ही त्यातली. दुसरा पूर्ण तांब्याचा, जसं बार्न्सची टीटीएसएक्स. ही फुटत नाही, खूप खोल जाते, पण तिला उमलायला वेग जास्त लागतो. तिसरा प्रकार लांब, टोकदार, कमी वेगातही उमलणाऱ्या मऊ गोळ्यांचा. हॉर्नाडीची ईएलडी-एक्स त्यातली. ही वारा छान कापते, पण पन्नास यार्डांवर खांद्याच्या हाडाला लागली तर तिच्या चिंधड्या होऊ शकतात. आणि एल्क पन्नास यार्डांवरही अचानक समोर येतो, त्यामुळे लांबचा विचार करताना जवळचा विसरू नका.

खोक्यावर किंवा निर्मात्याच्या माहितीपत्रकात गोळी उमलण्याचा किमान वेग दिलेला असतो, तो शोधा. न मिळाला तर बॉन्डेडसाठी सेकंदाला १८०० फूट आणि तांब्यासाठी २००० फूट धरून चाला. तुमच्या ठरलेल्या अंतरावर गोळीचा वेग याच्या खाली जात असेल तर गोळी आणि काडतुसाची ती जोडी बाद.

ऊर्जेचाही एक आडाखा आहे: एल्कवर लागताना किमान १५०० फूट-पाउंड. हा निसर्गनियम नाही, पण नवख्याला लगाम म्हणून चांगला आहे. हिशेब सोपा: ग्रेनमधलं वजन गुणिले वेग गुणिले वेग, भागिले ४,५०,२४०.

माझा कौल नवख्याने बॉन्डेड किंवा तांब्याची गोळी घ्यावी, या बाजूला. त्यांतून नेम दोन इंच हाडाकडे सरकला तरी काम होतं. तांब्याचा आणखी एक फायदा आहे. शिशाचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात, आणि हे मांस घरची मुलंबाळं खाणार असतात. कॅलिफोर्नियाने तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या राज्यभर बंदच केल्या आहेत, तेव्हा तिथल्या लोकांपुढे हा प्रश्नच उरत नाही.

पायरी ५: आता काडतुसाचं नाव

पुढचे आकडे कारखान्यात भरलेल्या नेहमीच्या काडतुसांचे, गोलाकार केलेले आहेत.

तुमचं अंतर ३०० यार्डांच्या आत असेल तर निवड मोकळी आहे. .३०८ विंचेस्टर, १९२५ पासून चालत आलेलं .२७० विंचेस्टर, किंवा १९०६ साली अमेरिकी लष्करासाठी आलेलं .३०-०६, ज्याला सगळे थर्टी-ऑट-सिक्स म्हणतात; यातलं काहीही घ्या. .३०-०६ तून १८० ग्रेनची गोळी सेकंदाला २७०० फुटांनी निघते, नळीपाशी ऊर्जा २९०० च्या वर. चांगल्या लांबुडक्या गोळीने ती ५०० यार्डांवरही १५०० च्या आसपास राहते, पण तिथे वेग २००० च्या काठावर आलेला असतो, म्हणून तांब्याची गोळी असेल तर मी ४०० च्या पुढे जाणार नाही. लहान गावातल्या किराणा-कम-शिकारीच्या दुकानातही .३०-०६ मिळतं. विमानात सामान हरवलं तर याचं मोल कळतं.

६.५ क्रीडमोर २००७ साली लक्ष्यभेदाच्या स्पर्धांसाठी आलं. धक्का सौम्य, नेम अप्रतिम. एल्कसाठी ते चालतं का यावर लोक तावातावाने भांडतात. आकडा बघा: १४३ ग्रेन, २७०० फूट, नळीपाशी सुमारे २३०० फूट-पाउंड, आणि ४०० यार्डांच्या थोडं आधीच ते १५०० च्या खाली उतरतं. म्हणजे ३०० यार्डांपर्यंत, जनावर शांत बाजूने उभं असताना, होय. ५०० वर, माझं उत्तर नाही. ज्यांना जोरदार धक्का सहन होत नाही, त्यांनी हेच घेऊन जवळ जायला शिकावं. थोडा जास्त वेग हवा असेल तर त्याच व्यासाचं २०१८ चं ६.५ पीआरसी आहे.

४०० ते ५०० यार्डांचा नेम ज्यांनी खरोखर कमावला आहे, त्यांच्यासाठी ७ एमएम आणि .३०० ची मॅग्नम, म्हणजे जास्त दारूची आणि जोरदार, काडतुसं. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम १९६२ चं, .३०० विंचेस्टर मॅग्नम (विन मॅग) १९६३ चं. दोन्हींच्या मागे साठ वर्षांच्या एल्क शिकारी आहेत आणि दुकानात खोके असतातच. २०२२ मध्ये आलेलं ७ एमएम पीआरसी १७५ ग्रेनची सडपातळ गोळी सेकंदाला ३००० फुटांनी सोडतं: नळीपाशी सुमारे ३५०० फूट-पाउंड आणि ५०० यार्डांवरही २००० च्या वर. नव्याने रायफल घेणाऱ्याला मी आज याचंच नाव सांगेन. जुन्या ७ एमएम मॅग्नममध्ये एवढी लांब गोळी दर वेळी स्थिर राहत नाही, कारण तिच्या बहुतेक नळ्यांत पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचा) नऊ-साडेनऊ इंचांत एक फेरा घेतो. पीआरसीच्या नळीत तो आठ इंचांत एक फेरा असतो. लांब गोळीला जलद पीळ लागतो. रायफल घेताना हा आकडा विचाराच.

.३०० विन मॅग २०० ग्रेनच्या गोळीने ५०० वर १९०० च्या वर ऊर्जा देतं, पण धक्का बराच जास्त. .३३८ आणि त्याच्या वरची काडतुसं नवख्याने विसरावीत.

सुरक्षेची एक गोष्ट इथेच. ७ एमएम पीआरसी आणि ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम ही दोन वेगळी काडतुसं आहेत, तसंच .३०० पीआरसी आणि .३०० विन मॅग. नावं जुळती असली तरी एकाचं दुसऱ्याच्या नळीत घालणं जिवावर बेतू शकतं. पुंगळीच्या बुडावरचा शिक्का आणि नळीवर कोरलेलं नाव अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. दोन रायफली असतील तर रेंजवर एका वेळी एकीचीच काडतुसं बाहेर काढा.

पायरी ६: खांद्याला विचारा

धक्क्याची भीती बसली की माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि खांदा आखडतो, आणि नेम जातो. हे त्याचं त्याला कळतही नाही. ओळखायचा उपाय: मित्राला रायफल भरायला सांगा, त्याने मधूनच खरं काडतूस न घालता सरावाचं नकली काडतूस घालावं. चाप ओढल्यावर आवाज न होता नळी खाली झुकली, तर भीती आहे. असं असेल तर काडतूस एक पायरी खाली आणा. क्रीडमोरने छातीत बसलेली गोळी .३०० ने पोटात गेलेल्या गोळीपेक्षा कितीतरी चांगली.

डोंगरासाठी हलकी रायफल मोहात पाडते, पण मॅग्नम काडतूस फार हलक्या रायफलीत नुसतं छळतं. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावला तर धक्का बराच उतरतो, पण आवाज इतका वाढतो की कानांना संरक्षण नसताना एकही बार मारू नये. शेजारी बसलेल्या जोडीदारालाही आधी सांगा.

सराव सगळा महागड्या काडतुसांनी करायची गरज नाही. चांगल्या शिकारी काडतुसांचा वीसचा खोका हल्ली पन्नास डॉलरच्या पुढेच असतो. .२२ किंवा एअर रायफल आणा. श्वास, चापावरचं बोट, बार सुटल्यावरही नेम धरून ठेवणं, सगळं तिच्यावर घटवता येतं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, ते .२२ वरच. गुडघ्यावर, पालथं, उभ्याने, या तिन्ही बैठका डोंगरात कामाला येतात.

पायरी ७: खोका ठरला, आता तपासणी

एकाच लॉट नंबरचे खोके एकदम घ्या, म्हणजे सराव आणि शिकार एकाच दारूने होईल. खोक्यावरचा वेग बहुधा २४ इंची नळीवर मोजलेला असतो. तुमची नळी आखूड असेल तर वेग कमी भरेल. रेंजवर क्रोनोग्राफने, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने, स्वतःच्या रायफलीचा वेग मोजा आणि तोच ॲपमध्ये घाला. २०० यार्डांवर झीरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवलेली, ६.५ क्रीडमोर ५०० वर सुमारे चार फूट खाली मारते, ७ एमएम पीआरसी सुमारे तीन फूट. ॲपने दिलेला हा आकडा खऱ्या अंतरावर मारून पडताळल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका.

न्यू जर्सी किंवा ह्यूस्टनहून येत असाल तर उंचीचा फरक मोठा आहे. ९००० फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश दाट असते. गोळीला अडथळा कमी होतो, ती कमी पडते आणि वाऱ्यानेही कमी सरकते. उलट ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीत दारू मंद जळून वेग थोडा उतरतो. म्हणून कॅम्पवर पोचल्यावर पहिलं काम: ॲपमध्ये तिथला हवेचा दाब आणि तापमान भरा, आणि जिथे परवानगी असेल तिथे दोन-तीन गोळ्या मारून झीरो तपासा. प्रवासात स्कोपला (रायफलीवरच्या दुर्बिणीला) धक्का बसलेला असू शकतो.

विमानाने जाताना रायफल रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात, काउंटरवर सांगून द्यायची. काडतुसं त्यांच्यासाठी बनवलेल्या खोक्यात असावीत. बहुतेक विमान कंपन्या ११ पाउंडांपर्यंत नेऊ देतात.

डोंगरावर चढताना दहा-बारा काडतुसं पुरेत, पण ती खडखडणार नाहीत अशा पट्ट्यात आणि हाताशी ठेवा. एल्कवर बार टाकला की लगेच बोल्ट ओढून दुसरं काडतूस भरा आणि स्कोपमधून डोळा काढू नका. तो उभा राहिला आणि नेम साफ असला तर पुन्हा मारा. झाडीत शिरला तर शेवटचं कुठे दिसला ती जागा एखाद्या झाडावरून किंवा खडकावरून पक्की करा, अर्धा तास थांबा आणि मग रक्ताच्या खुणेवर निघा. रक्त दिसलं नाही तरी, नेम चुकला असं वाटलं तरी, त्या जागेपर्यंत जाऊन बघायचंच.